बेणं

हात कोपरापर्यंत धुवायचे, बांगड्या खुंटीवर,
कुंकू चालेल, पावडर नको, बोलणं तर नाहीच;
श्वासातसुद्धा काहीबाही असतं म्हणे.
फैजपूरच्या बाहेर, जिनिंगच्या जुन्या शेडात
आता ही काचेची शेती.
खिडकीतून सातपुडा दिसायचा.
खिडकी बुजवली, धूळ येते म्हणून.

चिमटा ज्योतीवर, पातं ज्योतीवर,
बाटलीतलं रोप काढते, नखाएवढं, पांढुरकं.
एकाचे चार, चाराचे सोळा.
इथे मृगबाग नाही, कांदेबाग नाही,
सोळा तास ट्यूबलाइट, आठ तास रात्र,
आणि मांडणीवर एकाच आईची चाळीस हजार लेकरं,
एकाच्या गालावरचा तीळ सगळ्यांच्या गालावर.

केळीला बी नसतं.
माणसानंच ते कधीतरी घालवलं,
दाताखाली खडा नको म्हणून.
तेव्हा कुणी कुणाची सही घेतली होती?
साहेबांना विचारणार होते. राहून गेलं.

नियम एकच : वेगळं दिसलं की बाजूला.
पानावर पट्टा, बुटकं, वाकडं, घाईत वाढलेलं.
संध्याकाळी त्या बाटल्या मोठ्या कुकरात जातात.
शिट्टी नाही त्याला. नुसता सुस्कारा.

यंदा शिवारात पानं पिवळी पडली, पोंगे सडले.
एक चेहरा, म्हणून एकच मरण;
बांधाबांधावर उपटलेल्या खोडांचे ढीग.
तेव्हा लाल चिठ्ठीच्या बाटल्या आल्या.
आत रानकेळीचा एक धागा शिवलेला,
टाका कुठे घातलाय ते साहेबांनाच ठाऊक.

शेजारच्या टेबलावर नसीबा तडवी.
जेवणाच्या सुट्टीत, भरताचा डबा उघडताना म्हणाली,
"पालच्या पल्याडच्या दरीत ही केळ
माझ्या सायबूमामानं दाखवली त्यांना.
दोन दिवस डोंगर चढवला.
दोनशे रुपये मिळाले, अन् बिस्किटाचा पुडा.
फोटोत मामा नाही. केळ आहे."
मग हसली.
"मामाला विचारलं, तर म्हणतो,
आपण थोडीच लावली होती ती?
मी म्हटलं, मामू, त्यांनी तरी कुठे लावली होती?"

लाल चिठ्ठीवर नंबर आहे, कंपनीचं नाव आहे.
आणि खोटं कशाला बोलू,
त्या रोपांची पानं हिरवीगार आहेत.
रोग शिवला नाही अजून.

रविवारी भावजयीचा फोन, जळगावहून,
दवाखान्याच्या जिन्यावरून.
"पाच धरलेत, ताई. तपासून दोन चांगले निघाले.
हे म्हणतात, चांगलेच ठेवू.
तुमचं तर रोजचंच काम...
उरलेल्यांचं काय करतात हो?"

आम्ही उकळतो, असं अगदी ओठांवर आलं.
म्हटलं, डॉक्टरांना विचार.
ती फोन न ठेवता तशीच राहिली.
जिन्यावरून कुणी चप्पल ओढत गेलं, ते ऐकू आलं.

हे म्हणतात, म्हणजे माझा भाऊ.
सहा बोटांचा जन्मला होता.
गाव म्हणालं, काय बेणं आहे!
आईनं सहाव्या बोटात चांदीचं वेढणं घातलं,
आणि बारशाला तोच हात दुपट्याबाहेर ठेवला.
फोनवर हे सांगता आलं असतं.
सांगितलं नाही. का, ते मलाही नीट कळलेलं नाही;
तिची काळजी तीच जाणे, पोर तिलाच वाढवायचंय.

मंगळवारी एक पट्ट्याचं रोप मी डब्यातून घरी आणलं.
चोरीच ती. कळलं तर पाळी जाईल.
न्हाणीच्या पाण्यावर लावलंय,
अर्धं पान पांढरं, अर्धं हिरवं.
सासरे सकाळी दात घासत त्याच्यासमोर उभे राहतात,
कसलं बेणं आणलंस, म्हणतात,
आणि चूळ जरा लांब टाकतात.

घड धरेल का, माहीत नाही.
ह्याच्यामुळे शेजारच्या बागेत रोग गेला तर?
तेही माहीत नाही. झोपताना तेच मनात येतं.
काल पोंगा सुटलाय.
घट्ट गुंडाळलेला, टोकाशी जरासा पिवळा.
पिवळा की कोवळा,
हे बॅटरी लावून पाहिलं, तरी कळलं नाही.